विहिरीकडचा हात

आमच्या बालवर्गातले किस्से मी काही मुद्दाम जमवत नाही. ते आपोआप जमतात. संध्याकाळी खोलीवर येऊन लुगडं झटकलं की त्यातून चिंचोके पडतात, एखादी गोटी पडते, कोणाच्या तरी सदऱ्याची गुंडी पडते. कोणी टाकली, कधी टाकली, देव जाणे! किस्स्यांचंही तसंच. पापड लाटायला बायका जमल्या की म्हणतात, "अवो बाई, सांगा ना एखांदा!" एखादा म्हणता म्हणता लाट्या वाळून जातात आणि मग दोष माझ्यावर.

तर आज पापड नाहीत. आज आरामात सांगते.

* * *

मी मूळची वाशीमची. नवरा गेल्यावर बरीच वर्षं भावाकडे होते. वहिनी चांगली आहे हो, पण तिचा पोळपाट आणि माझं लाटणं यांचं कधी जमलं नाही. शेवटी चाळिशीला टेकल्यावर भावानं मला अमरावतीला ट्रेनिंगला धाडलं. लहान पोरांना शिकवायचं ट्रेनिंग.

तिथल्या मोठ्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "मूल आधी अंगानं शिकतं, मग डोक्यानं. तेव्हा आज आपण सगळ्या बेडूक होऊ."

बाकीच्या सगळ्या विशीतल्या पोरी. टुणकन बेडूक झाल्या. मीही झाले. बेडूक होणं काही अवघड नाही. बेडकाची परत बाई होणं अवघड! दोघींनी बगलेत हात घालून मला उभं केलं. मोठ्या बाई म्हणाल्या, "तुम्ही यापुढे झाड व्हा."

तेव्हापासून मी झाडच आहे. रिसोडला आले तीही झाड होऊनच.

* * *

रिसोडच्या शाळेत बालवर्ग नवा होता. पोरं रांगेत न बसता उड्या मारतात, रेघेवरून चालतात, वारा होतात, ढग होतात, हे कमिटीतल्या मंडळींनी पहिल्या दिवशी पाहिलं आणि त्यांची तोंडं उतरली.

कमिटीचे मुख्य अण्णासाहेब पाटील. मिशा पांढऱ्या, पटका पांढरा, बोलणं मात्र एकदम तिखट. त्यांनी मला विचारलं, "बाई, लिवनं-वाचनं कवा?"

मी ट्रेनिंगमधलं वाक्य फेकलं, "आधी हालचाल, मग लिहिणं, अण्णासाहेब."

"हालायले शाळा कायले पाह्यजे? पोट्टं घरी बी हालते! आमचं तं थांबतच नाई!"

सगळी कमिटी हसली. मीही हसले. नंतर अण्णासाहेब म्हणाले, "एक साल पाहू. काही दिसलं तं ठीक. नाई दिसलं तं हे नाच बंद, आन तुमी आपल्या वाशीमले."

वाशीम म्हणजे वहिनीचा पोळपाट! माझं हसू तिथंच थांबलं.

* * *

गंमत म्हणजे याच अण्णासाहेबांची नात माझ्या वर्गात. यसू. केवढीशी, पण आवाज आजोबांचा. रोज सकाळी अण्णासाहेब स्वतः तिचं बोट धरून आणत, फाटकातून आत सोडत आणि घरी मात्र जात नसत. कुंपणाबाहेर बाभळीखाली एक मोठा दगड आहे, त्यावर आमच्याकडे पाठ करून चिलीम ओढत बसत.

पोरं गोळा करून आणणारी आमची गोदाबाई म्हणायची, "बाई, पाटील तुमच्या चुका येचून राह्यले."

मलाही तसंच वाटायचं. त्यामुळे त्या दगडावर पटका दिसला की माझं झाड थोडं जास्तच सरळ उभं राहायचं.

* * *

झाडावरून आठवलं. एकदा पोरांना म्हटलं, "चला, प्रत्येकानं झाड व्हायचं. मोठ्ठं झाड. फांद्या पसरा. वारा आला, हला!"

सगळं मैदान हलायला लागलं. कोणी आंबा, कोणी चिंच, एक जण केळ होऊन घडासकट वाकलेला. फक्त नामा मधोमध उकिडवा बसलेला. हात गुडघ्यात.

"काय रे नामा, तू झाड नाही झालास?"

"झालो ना."

"कोणतं झाड?"

"बाभूय."

"मग बाभळ अशी बसते का? उभी राहा की."

नामानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही शाळेत मीच नवी होते. म्हणाला, "तोडेल हाय!"

* * *

गोल फिरणं हा दुसरा घोळ. ट्रेनिंगमध्ये चुन्यानं मोठं वर्तुळ आखून त्यावरून मुलांना चालवायचे. मीही आखलं. "मुलांनो, या वर्तुळावरून चाला." एकही हलेना. वर्तुळ हा शब्दच कोणी ऐकला नव्हता.

शेवटी यसूनं विचारलं, "खळ्यावानी का?"

"हो गं बाई, खळ्यावानी!"

एवढं म्हणायचा अवकाश, पोरांनी मला ओढत नेऊन मधोमध उभं केलं. खळ्यात मधे खांब असतो ना, बैल ज्याच्याभोवती फिरतात, तो मी. पोरं एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून बैल झाली आणि फिरायला लागली. काय सुरेख गोल! चुन्याच्या रेघेला धक्का नाही. मी मनात म्हटलं, पाहा अण्णासाहेब, आता वळा की जरा इकडे!

तेवढ्यात बैलांची सगळी पात थबकली.

"काय झालं रे? चला की!"

पुढचा बैल म्हणाला, "थांबा लागते बाई. मांगचा बैल मुतून राह्यला."

मला कौतुक वाटलं. किती बारीक निरीक्षण! खळ्यावर बैलाला तेवढी सवलत असतेच. मी म्हटलं, "बरं, बरं. झालं का त्याचं?"

आणि पाहते तर खरंच!

* * *

"लहान व्हा, मोठे व्हा" हा खेळ सगळ्यात सोपा. मोठे व्हा म्हटलं की टाचा वर, हात आभाळाकडे. लहान व्हा म्हटलं की जमिनीला चिकटायचं. आपलं अंग किती जागा घेतं ते पोराला कळतं, असं मोठ्या बाई सांगायच्या.

मी म्हटलं, "लहान व्हा!" सगळी पोरं जमिनीला चिकटली. यसू तशीच उभी, कमरेवर हात.

"यसू, लहान हो ना गं."

"मी हावोच लहान! आता अजून किती होऊ?"

कुंपणापलीकडून मोठ्यानं ठसका ऐकू आला. चिलमीचा धूर कोणाला तरी भलत्या वेळी लागला असावा.

* * *

आगगाडीचा खेळ मात्र मी बंदच केला. पोरांनी एकमेकांचे सदरे धरून गाडी करायची आणि झाडांमधून, खांबांमधून, कोणाला न धडकता न्यायची. जागेचा अंदाज येतो. पण आमच्या वर्गात गाडी पाहिलेला एकटा गणपत. मामाकडे जाताना वाशीमला पाहिली होती. साहजिकच इंजिन तो.

गाडी निघाली. निंबाला वळसा घातला, ओसरीचे खांब पार केले, विहिरीजवळ आली आणि थांबली. थांबली ती थांबली!

"गणपत, चल पुढे."

"इंजिन पानी पिऊन राह्यलं."

ठीक आहे, इंजिनाला पाणी लागतंच. थोड्या वेळानं मी पुन्हा म्हटलं, "आता झालं असेल."

"आता सायबाची वाट पाहून राह्यलं."

मागचे डबे उन्हात रडकुंडीला आले. मी म्हटलं, "अरे, साहेब येणार नाही आज!"

गणपत शांतपणे म्हणाला, "तं मंग गाडी बी नाई जात."

शेवटी हेडमास्तर वामनराव काळा कोट घालून बाहेर आले, तेव्हा कुठे आमची गाडी सुटली. वामनरावांना काही कळलं नाही. त्यांनी मला विचारलं, "पोरं मला पाहून अशी पळतात का हो?"

* * *

आता उजव्या-डाव्याची गोष्ट. ही जरा लांब आहे, पण तिच्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

मी पोरांकडे तोंड करून उजवा हात वर केला आणि म्हटलं, "हा उजवा." समोरच्या पोरांनी, आरशात दिसतं तसा, डावा वर केला. म्हटलं, चुकतंय. म्हणून मी पोरांकडे पाठ केली आणि हात वर केला. "आता माझ्यासारखा हात करा. हा उजवा!" मागे एकदम शांत. मला वाटलं, वा! किती लक्ष देतायत!

वळून पाहते तर मैदान रिकामं. रस्त्यावरून अस्वलवाला चालला होता आणि माझा सगळा वर्ग त्याच्यामागे!

दगडावरून अण्णासाहेब म्हणाले, "बाई, तुमचा हात लय चांगला वर झालता."

दुसऱ्या दिवशी म्हटलं, साधं सांगू. "ज्या हातानं जेवता तो उजवा. करा वर!" भराभर हात वर झाले. एका सखूनं केला नाही.

"काहून गं सखू?" ट्रेनिंगहून आल्यावर मी कटाक्षानं 'का' म्हणत होते, पण उजव्या-डाव्यात माझं शुद्ध बोलणंही वाहून गेलं.

सखू म्हणाली, "मले माय चारते!"

मग मला युक्ती सुचली. आमची पोरं रोज शाळेच्या ओसरीकडे तोंड करून बसत. पाठीमागे निंब. एका अंगाला विहीर, दुसऱ्या अंगाला कुंपण. मी सांगितलं, "विहिरीकडचा हात उजवा. कुंपणाकडचा डावा."

झालं! चुटकीसरशी! "उजवा!" म्हटलं की सगळे हात विहिरीकडचे. "डावा!" म्हटलं की सगळे कुंपणाकडचे. "उजवीकडे उडी!" म्हटलं की अख्खा वर्ग विहिरीकडे एक उडी. एकाचीही चूक नाही. मी इतकी खूश झाले की भावाला पत्रानं कळवून टाकलं, "आता मी काही परत येत नाही." वहिनी म्हणे तेव्हा पहिल्यांदाच माझ्या बाजूनं बोलली.

* * *

साल संपत आलं आणि शाळा तपासायला डिपटीसाहेब यायचे ठरले. अण्णासाहेबांनी सांगून टाकलं, "सायेब काय म्हनते ते पाहू. मंग कमिटी ठरवीन."

आम्ही जोरात तयारी केली. गोदाबाईनं मैदान शेणानं सारवलं. वामनरावांनी कोट उन्हात घातला. पोरांना मी सतरांदा बजावलं, की साहेबांना 'तुमी' म्हणायचं, 'तू' नाही.

साहेब आले ते घामानं निथळत. सर्व्हिस मोटार वाटेत बिघडली होती. ओसरीवर ऊन आलेलं. वामनराव म्हणाले, "साहेब, निंबाखाली गार आहे." चटकन खुर्च्या उचलल्या आणि निंबाखाली मांडल्या. पोरांना सांगितलं, "फिरा, साहेबांकडे तोंड करा." पोरं फिरली.

मलाही वाटलं, छान! सावली आहे.

आधी झाडं झाली, वारा झाला. नामा पुन्हा तोडलेली बाभूळ. साहेबांनी मान डोलावली. मग मी माझं हुकमी पान काढलं. छाती भरून म्हटलं, "मुलांनो, उजवा हात वर!"

फाट्कन सगळे हात वर. एकाच वेळी, एकाच बाजूचे.

सगळे डावे.

मला काही क्षण कळेनाच. मग माझी नजर विहिरीकडे गेली.

साहेब म्हणाले, "बाई, हा डावा हात आहे. सगळ्यांचं चुकलं."

वामनराव कोटातल्या कोटात आकसले. विहिरीचं समजवायला मी तोंड उघडलं. पण बोलणं निघालं ते यसूच्या तोंडून, आजोबांच्या आवाजात.

"नाई चुकलं! इहीर तं जाग्यावरच हाय. तूच इकडं येऊन बसला!"

तूच! डिपटीसाहेबांना! वामनरावांनी डोळे मिटले. गोदाबाईनं पदर तोंडात कोंबला. साहेब हसले की नाही ते मला आजवर समजलेलं नाही, कारण त्यांनी नेमका तेव्हाच रुमालानं तोंड पुसलं. जाताना एवढंच म्हणाले, "पोरं धीट आहेत. शिकलीत काय, ते कमिटीनं ठरवावं."

अण्णासाहेब पुढे आले. यसूचं बोट धरलं आणि निघून गेले.

त्या दिवशी मी खोलीवर आले आणि ट्रंक पुसून ठेवली. लुगडं झटकलं, तर चिंचोके पडले. ते मात्र उचलावेसे वाटले नाहीत.

* * *

कमिटीची बैठक ओसरीवर भरली. मैदानाकडे तोंड करून खुर्च्या ओळीनं मांडलेल्या. मधे अण्णासाहेब. मला बैठकीला बोलावलं नव्हतं, म्हणून मी दाराच्या आडोशाला उभी. मी आणि गोदाबाई. गोदाबाई हळूच म्हणाली, "बाई, झाड व्हा." म्हणून झाड झाले.

आधी कमिटीतले कापडदुकानदार बोलले. "पोट्टे घरी खाटेवर उड्या मारते. दोन खाटा मोडल्या." दुसरे एक जण म्हणाले, "आमचा गणपत घरातून हालतच नाई. म्हनते, सायेब आला पाह्यजे." तिसऱ्यानं आमची बाजू घेतली. म्हणाला, "माहा पोट्टा पयले मायच्या लुगड्यातून बाहेर नोता निंघत. आता अस्वलामांगं एकटा गेल्ता!" ही स्तुती की तक्रार, ते मला कळलं नाही. कमिटीलाही कळलं नसावं.

मग उजव्या-डाव्याचा विषय निघालाच. कापडदुकानदार म्हणाले, "सालभर शिकवून पोट्ट्याहिले उजवा हात बी समजत नाई! साऱ्या गावाची फजिती झाली सायबापुढं."

अण्णासाहेब चिलीम ओढत ऐकत होते.

शेवटी वामनरावांनी घसा साफ केला. "मंडळी, मतं घेऊ या. बालवर्ग पुढेही चालू ठेवावा, असं ज्यांना वाटतं त्यांनी उजवा हात वर करावा."

काही हात वर झाले. काही मांडीवरच राहिले. वामनरावांनी इकडे मोजले, तिकडे मोजले, आणि कपाळाचा घाम पुसला. सारखे निघाले! राहिले एकटे अण्णासाहेब.

सगळे त्यांच्याकडे पाहायला लागले. गोदाबाईनं माझा दंड इतका घट्ट धरला की फांदी मोडायची वेळ आली.

अण्णासाहेबांनी चिलीम खाली ठेवली. मान वर केली, मैदानाकडे पाहिलं, नीट निरखून पाहिलं. आणि हात वर केला.

डावा.

वामनराव गोंधळले. "अण्णासाहेब... हा डावा हात आहे. म्हणजे आपला विरोध समजायचा का?"

"मास्तर, इहीर कोन्या अंगाले हाय?"

वामनरावांनी वळून पाहिलं. "त्या... त्याच अंगाला आहे."

"मंग लिवा की उजवा!"